झाड काढण्याचं कारण

अर्जात रकाने मोजकेच होते. अर्जदाराचं नाव, मिळकतीचा पत्ता, झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, अंदाजे वय आणि सगळ्यांत शेवटी 'झाड काढण्याचे कारण'. पहिले चार मी जेवणाच्या टेबलावर बसून पाच मिनिटांत भरले. वयाच्या रकान्याला आठ दिवस लागले. शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'धोकादायक'. तो खोटा नव्हता. पण पुरता खराही नव्हता, हे उमगायला पुढचे दोन महिने जावे लागले.

झाड गुलमोहराचं. आमच्या फाटकातून आत आलं की उजव्या हाताला, कंपाउंडच्या भिंतीला लागून. निम्मा पसारा आमच्या अंगणावर, निम्मा भिंतीवरून गल्लीत. आम्ही दोघं भावंडं त्याच्याखालीच वाढलो. कळी उकलून तिच्यातले तुरे एकमेकांत अडकवायचे आणि ओढायचे, ज्याच्या तुऱ्याचं डोकं तुटेल त्याचा कोंबडा हरला. त्याच कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्या नखांवर चिकटवून मी तासन्‌तास हात पसरून बसायचे. पाच पाकळ्यांतली एक पांढरट, लाल ठिपक्यांची असते, ती आंबट लागते म्हणून आधी तीच खायची. वाळलेल्या शेंगा हातभर लांब, काळ्या, तलवारीसारख्या. त्यांनी मारामारी केली की आतल्या बिया खुळखुळ वाजायच्या. गल्लीतल्या सगळ्याच पोरांचं बालपण थोड्याफार फरकानं असंच गेलं असणार. हे सगळं इथं सांगते आहे ते अशासाठी, की त्या झाडावर माझा जीव होता आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

झाड आजारी आहे हे आम्हाला आधी तांबट पक्ष्यानं सांगितलं. २०२२ च्या फेब्रुवारीत गल्लीकडच्या एका फांदीवर त्यानं भोक पाडायला घेतलं. हिरवा, कपाळावर लाल टिकली, चिमणीपेक्षा थोडा मोठा. दिवसभर टुक टुक टुक, तांब्याची भांडी ठोकावी तसा आवाज. आम्ही कौतुकानं फोटो काढले. तांबट जिवंत, कठीण लाकडात घर कोरत नाही, त्याला मेलेली, भुसभुशीत फांदी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याच दिवशी मान वर करून नीट पाहिलं असतं. त्या मे महिन्यात झाड एकाच बाजूनं फुललं. पावसाळ्यात बुंध्याशी, जमिनीलगत, तांबूस तपकिरी रंगाची, वरून लाखेसारखी चकाकणारी आणि कडेला पांढरी किनार असलेली भूछत्रं आली. एकावर एक, कानासारखी. आईनं ती झाडूनं पाडून टाकली. पंधरा दिवसांत पुन्हा आली. पुढच्या वर्षी जुलैत दुपारी तीनला एक फांदी गल्लीत उभ्या असलेल्या स्कूटरवर पडली. वारा नव्हता, पाऊसही नव्हता. स्कूटरची सीट फाटली, आरसा तुटला. स्कूटरवाली मुलगी समोरच्या घरात शिकवणीला गेली होती. दहा मिनिटांनी ती बाहेर येऊन स्कूटरवर बसली असती. त्या रात्री आईला झोप लागली नाही, आणि आता हे झाड काढायला हवं हे तिनंच सकाळी पहिल्यांदा तोंडातून काढलं.

आपल्या अंगणातलं, आपण लावलेलं, आपण पाणी घातलेलं झाड काढायला परवानगी कशाला लागते, असं मला गल्लीत चारजणांनी विचारलं. लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे, म्हणजे आमच्या घराहून जुना. शहरातलं झाड खासगी जागेत असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. प्रत्येक महापालिकेत त्यासाठी वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. आमच्या बुंध्यावर रंगानं लिहिलेला आकडा त्याच गणनेतला होता. इतकी वर्षं मी तो येता-जाता पाहत होते. त्या आकड्याचा अर्थ 'या झाडाची कुठंतरी नोंद आहे' असा होतो, हे कधी डोक्यात आलं नाही.

विनापरवाना तोडलं तर दंड आणि कैद दोन्ही आहे. तरीही सल्ले मिळायचे ते मिळालेच. झाडं उतरवण्याचं काम घेणारा एकजण घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "ताई, कशाला त्या भानगडीत पडता? शनिवारी रात्री सुरुवात करतो, रविवारी संध्याकाळपर्यंत मोकळं. सोमवारी कोण विचारतंय?" गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका गृहस्थांनी तर मुळात ॲसिड ओतायचा सल्ला दिला, म्हणजे झाड आपोआप वाळेल आणि मेलेल्या झाडाची परवानगी पटकन मिळेल. हे त्यांनी अगदी हलक्या आवाजात, माझं भलं व्हावं म्हणून सांगितलं. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. ज्या झाडाखाली यांची मुलं खेळली, त्याच्या मुळात ॲसिड ओतायची कल्पना माणसाच्या डोक्यात येते तरी कशी?

तर वयाचा रकाना.

"किती लिहू गं?" मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "स्कायलॅब पडणार म्हणत होते ना, त्या पावसाळ्यातलं."

स्कायलॅब ११ जुलै १९७९ ला पडलं. अमेरिकेची ती अंतराळातली प्रयोगशाळा शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळली, पण त्याआधीचे दोन-तीन आठवडे आपल्याकडं गावोगाव एकच चर्चा होती, ती आपल्याच डोक्यावर पडणार. आई सांगते, लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी उधारी फेडायची थांबवली. आमचं घर त्याच उन्हाळ्यात बांधून झालं होतं. गिलावा ओला, अंगणात खडी-वाळूचे ढीग. बाबा ऑफिसातून येताना सायकलच्या कॅरिअरला रोप बांधून घेऊन आले आणि भर पावसात खड्डा खणायला बसले. आई म्हणाली, "आता कशाला? ते काय पडायचं ते पडून जाऊ दे आधी." बाबा म्हणाले, "रोप आणलंय. ते थांबणार आहे का?"

दादाला फोन केला तर तो ठासून म्हणाला की झाड तो तिसरीत असताना लावलं, म्हणजे १९८२. मग मी पेटीतले जुने फोटो काढले. त्यांत एक सापडला. दादा नव्या रेनकोटात उभा, मागं अर्धवट रंगवलेली भिंत, आणि भिंतीशी डांबराचं पिंप उभं चिरून केलेलं कुंपण. पिंपाच्या वर दोन-चार पानांचा तुरा दिसतो. बोटानं झाकला तर झाकला जाईल एवढा. फोटोच्या मागं बाबांचं अक्षर, 'ऑगस्ट ७९'. दादानं तो मोबाइलवर पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा रेनकोट निळा होता." फोटो कृष्णधवल आहे.

अर्ज भरत होते जानेवारी २०२४ मध्ये. मी ४४ लिहायला घेतलं. आई म्हणाली, "रोपवाटिकेतून आणलं तेव्हा वर्षाचं होतं ते. बाबांनी विचारून घेतलेलं." म्हणजे ४५.

हा आकडा साधा नाही. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता 'प्राचीन वृक्ष' धरलं जातं, त्याला वेगळं संरक्षण आहे. आणि कुठलंही झाड काढायचं तर जितकं त्याचं वय, तितकी नवी झाडं लावायची. ४५ वर्षांच्या झाडामागं ४५ रोपं. लावून हात झटकायचे नाहीत, ती जगवायची, त्यांचे फोटो जागेच्या नोंदीसह द्यायचे, आधी अनामत रक्कम भरायची. झाडं उतरवणाऱ्या त्या माणसानं हेही सांगितलं होतं, "वय वीस टाका ताई. गुलमोहर झपाट्यानं वाढतो, घेर बघून कुणाला कळत नाही. वीसच लावायला लागतील."

तो चुकीचं बोलत नव्हता. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, उष्ण मुलखातला. वाढायला घाईचा, लाकडानं हलका, मुळं पसरट आणि वरवरची. पंचवीस वर्षांचा आणि पंचेचाळीस वर्षांचा गुलमोहर शेजारी उभे केले तर सामान्य माणूस ओळखणार नाही. मी त्या रात्री वीसचा विचार केला, हे कबूल करते. ४५ रोपं लावायची कुठं? आमचं अंगण सगळं मिळून पाच रोपांचं. पण सकाळी उठल्यावर तो फोटो टेबलावरच होता. ज्या झाडाला आम्ही मारायला निघालो त्याच्या आयुष्यातली पंचवीस वर्षं खोडायची, त्यातली पहिली काही वर्षं बाबांच्या हातच्या पाण्यावर वाढलेली, हे माझ्या हातून होईना. मी ४५ लिहिलं आणि फोटोची झेरॉक्स जोडली. प्रॉपर्टी कार्ड, मिळकतकराची पावती, दादाचं संमतीपत्र, झाडाचे चार बाजूंनी फोटो, सगळं लावून आवक टेबलावर दिलं. शिक्का बसला, क्रमांक मिळाला.

बारा दिवसांनी उद्यान निरीक्षक पाहणीला आले. तिशीतला मुलगा, मोटारसायकलवरून, पाठीला सॅक. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, "आधी झाड बघू." छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला. दोन मीटर दहा. मग सॅकमधून लाकडी दांड्याची छोटी हातोडी काढली आणि बुंध्यावर ठोकत ठोकत गोल फिरला. अंगणाच्या बाजूनं ठक ठक असा भरीव आवाज. गल्लीच्या बाजूला गेला आणि आवाज एकदम बदलला. डब डब. रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. "कान लावा मॅडम," तो म्हणाला. मी साल गालाला टेकवून उभी राहिले. तो पलीकडून ठोकत होता आणि आतून आवाज खालून वर जाताना ऐकू येत होता.

मग त्यानं भूछत्रं पाहिली. गॅनोडर्मा नावाची बुरशी, मुळांतून शिरते, आतलं लाकूड कुजवत जाते, बाहेर असे कान फुटतात तेव्हा आत बरंच काही संपलेलं असतं, असं त्यानं समजावून सांगितलं. औषध विचारलं तर मान हलवली. वर बघून घरटी आहेत का ते पाहिलं, तांबटाच्या बिळाची नोंद केली. आणि मग खाली बसून त्यानं बुंध्याभोवतीच्या सिमेंटच्या ब्लॉकवरून हात फिरवला. ब्लॉक पार बुंध्याला भिडलेले होते. एका बाजूला तर झाड जाड होत गेल्यानं साल ब्लॉकच्या कडेवर दुमडून बसली होती, पायाला घट्ट चप्पल रुतावी तशी.

"हे कधी बसवले?"

"२०१२ ला," मी म्हणाले. "गाडी घेतली तेव्हा."

तो काही बोलला नाही. वहीत लिहिलं. मला वाटतं बोलला असता तर बरं झालं असतं.

गाडी घेतली तेव्हा अंगणात चिखल होत होता. चाकं मातीत रुतायची, आई पावसाळ्यात दोनदा घसरली होती. ब्लॉक बसवणाऱ्यानं विचारलं होतं, "झाडाभोवती मोकळं ठेवू का?" आणि मी म्हटलं होतं, "नको, तिथंच कचरा साठतो." माझेच शब्द. खाली मुरूम दाबून, वर ग्रिट टाकून, रोलर फिरवून पक्कं काम करून घेतलं होतं. पुढं दोन-तीन वर्षांनी गल्लीत पाइपलाइन टाकायला भिंतीला लागून चर खणला गेला, त्यात त्या बाजूची मुळं तुटली. गल्लीच्या खोदाईला मी तेव्हा नावं ठेवली होती. अंगणातली मुळं मी स्वतः बंद केली होती. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, माती दाबली की ती गुदमरतात, जखमेतून बुरशी शिरते. बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा मोकळी सोडा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांसाठी सांगितलं, तेव्हा ती बातमी मी पेपरात वाचली होती. चांगलं झालं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेतली दोन हजारांवर झाडं कापली गेली तेव्हा रात्री जागून बातम्या पाहिल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या रात्री आमच्या गुलमोहराभोवती ब्लॉक बसून सात वर्षं झाली होती.

निरीक्षक गेल्यावर मी अधिनियम वाचायला घेतला. कलमं वाचायची सवय नाही, पण व्याख्यांपाशीच थांबले. 'झाड तोडणे' याचा अर्थ तिथं दिला आहे. त्यात जाळणं येतं, कापणं येतं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. कायद्याच्या भाषेला कोरडी म्हणतात. मला ते वाक्य कोरडं वाटलं नाही. त्या व्याख्येनं आम्ही हे झाड २०१२ सालीच तोडायला घेतलं होतं. बारा वर्षं तोडत होतो. परवानगी आत्ता मागत होतो. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'धोकादायक'. जणू झाडच आपण होऊन आमच्या जिवावर उठलं होतं.

फेब्रुवारीत एक कर्मचारी येऊन झाडावर नोटीस लावून गेला. कायद्यानंच ती झाडावर लावायची असते आणि वर्तमानपत्रातही द्यायची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, सुतळीनं बुंध्याला बांधलेला, गल्लीच्या तोंडाकडं. 'सदर मिळकतीमधील गुलमोहर जातीचा १ (एक) वृक्ष काढणेकामी अर्ज प्राप्त झाला असून, याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांचे आत लेखी स्वरूपात कळवावी.' गल्लीतले लोक येता-जाता थांबून वाचायचे, मग आमच्या खिडकीकडं बघायचे. मी पडदा ओढून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या मामांनी हाक मारली.

मामांची गाडी बावीस वर्षं आमच्या भिंतीला लागून उभी असते. बरोबर गुलमोहराच्या सावलीत. आमचे, समोरच्यांचे, मागच्या इमारतीतले कपडे तिथंच होतात. कोळशाची इस्त्री, अंगात गंजीफ्रॉक, कानाला लावलेला जुना रेडिओ. मी लग्न होऊन गेले तेव्हा माझ्या शालूला त्यांनी इस्त्री केली होती, आणि सात वर्षांनी मी परत आले तेव्हा काही न विचारता माझे ऑफिसचे कुडते न्यायला लागले होते.

"ताई, ते वाचलं मी," मामा म्हणाले. "हरकत म्हणजे काय असतं? म्हणजे कुणी घ्यायची?"

"कुणीही घेऊ शकतं मामा."

ते थोडे घुटमळले. इस्त्री उलटी करून गाडीवर ठेवली. "मला घ्यायची आहे. पण माझं अक्षर बरं नाही. तुम्ही लिहून द्याल का?"

मी घरातून पॅड आणि पेन घेऊन आले. त्यांच्याच गाडीवर, घडी घातलेल्या शर्टांच्या शेजारी कागद ठेवून माझ्याच अर्जाविरुद्धची हरकत मी माझ्या हातानं लिहिली. मामा सांगत होते, मी लिहीत होते. 'सदर झाडाचे सावलीत मी सन २००२ पासून इस्त्रीचा व्यवसाय करीत आहे. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत झाडाची सावली माझ्या गाडीवर असते. इस्त्रीच्या आगीपुढे उन्हात उभे राहणे शक्य होत नाही. झाड काढल्यास माझी जागा जाईल. तरी विचार व्हावा.' शेवटचं वाक्य मी सुचवलं. त्यांनी आधी 'काढू नये' असं सांगितलं होतं आणि लगेच म्हणाले होते, "नको, ते हुकूम केल्यासारखं वाटतं." सही केली. मी झेरॉक्स काढून आणली, तेच कागद घेऊन कार्यालयात गेले, पोच आणून त्यांना दिली. त्यांनी ती पोच रेडिओच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

मला झाडाचा मालकी हक्क माहीत होता. प्रॉपर्टी कार्ड होतं, बाबांच्या अक्षरातला फोटो होता. सावलीचं कार्ड कुठं असतं? झाड उगवलं आमच्या जमिनीत, पण सकाळी नऊपासून एकपर्यंत ते दुसऱ्याच्या पोटापाण्याचं होतं, आणि मामांना आधी विचारावं हे आमच्या घरात एकाच्याही मनात आलं नव्हतं. आईच्याही नाही, आणि ती तर रोज त्यांना चहा पाठवते. त्या सुतळीनं बांधलेल्या कागदानं विचारलं म्हणून मामा बोलले.

हरकत आल्यामुळं निरीक्षक पुन्हा आले. यावेळी मामांनाही बोलावून घेतलं. त्यांना 'तुमचं म्हणणं मांडा' असं आदरानं म्हणाले. मामांनी कागदात होतं तेच सांगितलं. मग निरीक्षकानं हातोडी त्यांच्याच हातात दिली. मामा झाडाभोवती फिरले, ठोकत, ऐकत. गल्लीच्या बाजूला आले, डब डब ऐकलं, पुन्हा ठोकलं, कान लावला. डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे होते. मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"काढा," ते शेवटी म्हणाले. "उद्या शिकवणीची पोरं खाली असतील."

"मग हरकत मागं घेता? तसं लिहून द्यावं लागेल," निरीक्षक म्हणाले.

"नाही," मामा म्हणाले. "ती राहू द्या कागदात. झाड काढा, पण माझं लिहिलेलं राहू द्या."

मार्चअखेर परवानगीचं पत्र आलं. त्यात एका ओळीत तसंच नमूद होतं, एक हरकत प्राप्त, स्थळपाहणीनंतर विचार करून निर्णय. खाली अटी. त्यांतली एक, नव्या रोपांपैकी एक त्याच मिळकतीत लावावं, बाकीची ४४ दाखवून दिलेल्या जागी, गावाबाहेरच्या टेकडीवर.

एप्रिलच्या मध्यावर माणसं आली. आधी दोर, मग शेंडा, मग एकेक फांदी वरून उतरवत खाली. तांबटाचं बीळ असलेली फांदी त्यांनी सावकाश सोडली. बीळ रिकामं होतं, आत लाकडाचा चुरा आणि एक राखाडी पीस. दुपारी बुंध्यावर कटर चालवला. आडवा पडल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. बाहेर चार बोटं जाड लाकडाची कडा आणि आत पांढरट, ओल्या पुठ्ठ्यासारखा लगदा, हात घातला तर मुठीत येणारा. एवढ्या चार बोटांवर ते झाड उभं होतं आणि मागच्या मे महिन्यात फुललंही होतं. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसून होती. ती रडली नाही. मी म्हटलं, आत चल, तर म्हणाली, "बाबा असते तर ते बसले असते. मी बसते."

दुसऱ्या दिवशी ब्लॉक काढायला घेतले. गाडी आता गल्लीतच उभी राहील, असं दादाच म्हणाला. ब्लॉकखालचा ग्रिट, ग्रिटखालचा मुरूम, आणि त्याखालची माती राखेच्या रंगाची, कुदळ मारली की टणकन उडणारी. केसासारखी बारीक मुळं, जी कुठल्याही अंगणात ढेकूळ फोडलं की दिसतात, ती नव्हतीच. एक गांडूळ नाही. त्यावर आम्ही टँकरभर पाणी टप्प्याटप्प्यानं सोडलं, शेणखत घातलं, पालापाचोळा पसरला, आणि पहिला पाऊस होईपर्यंत तशीच ठेवली.

टेकडीवरची ४४ रोपं जूनमध्ये लावून झाली. कडुनिंब, बहावा, कांचन, आपटा, ताम्हण. त्यांचं नंतर कधीतरी लिहीन, आत्ताच काही म्हणण्यासारखं नाही, पहिला उन्हाळा काढू देत.

अंगणातलं एक राहिलं. साताऱ्याची मावशी म्हणत होती, पुन्हा गुलमोहरच लाव. त्यांच्याकडं १ मेला गुलमोहर दिवस साजरा करतात, तिचा जीव त्यात. पण आम्ही करंज आणला. करंज देशी, चिवट, त्याची सावली दाट, आणि पानं झडून उघडा पडला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा भरतो. कुठं लावायचा यावर माझा आणि दादाचा फोनवर वाद चालला होता. तो म्हणत होता जुन्याच जागी, मी म्हणत होते थोडा आत, भिंतीपासून लांब, मुळांना जागा मिळेल असा.

मामा त्या महिन्यात समोरच्या इमारतीच्या भिंतीला उभे राहत होते. तिथं सावली दुपारनंतर येते, त्यामुळं ते चारला यायचे आणि रात्री दिव्याखाली काम करायचे. मी त्यांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, कुठं लावू?

मामांनी आधी वर पाहिलं. मग अंगणातली वाळकी काटकी उचलून मातीत एक रेघ ओढली. "हा उन्हाळा," म्हणाले. "सकाळी सूर्य तिकडून येतो, सावली इकडं, थोडी दक्षिणेला पडते." दुसरी रेघ ओढली, तिरकी. "दिवाळीनंतर ती उत्तरेला सरकते, त्या खांबापर्यंत. संक्रांतीला खांबाच्याही पलीकडं. मग परत फिरते." बावीस वर्षं रोज सकाळी गाडी दोन वीत इकडं, दोन वीत तिकडं सरकवत त्यांनी ते पाठ केलं होतं. आमच्या घरातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी कुदळ घेऊन दोन रेघा जिथं मिळत होत्या तिथं उभी राहिले. मामा फाटकाबाहेर, गल्लीत, त्यांच्या जुन्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरून तिथून माझ्याकडं पाहू लागले.

"अजून थोडं आत, ताई," ते म्हणाले. "हां. आता डावीकडं. हातभर."